गुरुवारची दुपारची फेरी

लाल दिवा लागला. घसा खाकरायचा मोह मी आवरला आणि म्हणाले, "नमस्कार. आज गुरुवार. आजचा दिवस मराठीचा."

काचेपलीकडे कानिटकर साहेबांनी मान डोलावली. ते आमचे ड्यूटी ऑफिसर. सकाळी पहिलं वाक्य नीट गेलं की ते एकदा मान डोलवायचे आणि मग दिवसभर फक्त चुका झाल्या तरच आमच्याकडे बघायचे.

आमचं केंद्र दिल्लीत होतं आणि देशभर ऐकू जायचं. तिथे गाणं औषधालाही नव्हतं, सगळं नुसतं बोलणं. बातम्या, भाषणं, मुलाखती, श्रुतिका, बाजारभाव, हवामान. आठवड्याचा एकेक वार एकेका भाषेला वाटून दिलेला, आणि गुरुवार आमच्या वाट्याला आला होता. बाकीचे दिवस मी पाहुणे ठरवायची, ध्वनिफिती कापायची आणि जोडायची, चहा प्यायची. गुरुवारी मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलायची.

कानिटकरांचे दोन नियम होते. निवेदकाने आपलं नाव सांगायचं नाही, कारण आवाज केंद्राचा असतो, माणसाचा नसतो. आणि बोलायचं ते शुद्ध, पुस्तकी. गावाकडची बोली घरी ठेवून यायची. तिसरा नियम त्यांनी कधी सांगितला नव्हता, पण तो सगळ्यांत कडक होता. हवेत शांतता सोडायची नाही. "श्रोता घरात बसलेला असतो," ते म्हणायचे, "तुम्ही गप्प झालात की त्याला वाटतं, आपल्या तोंडावर कुणी दार लावलं."

आठ वर्षं मी हे तिन्ही नियम पाळले होते. त्या गुरुवारी मात्र सकाळपासूनच माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण होतं दुपारचा एक पाहुणा.

'सागरकिनारा' हा आमचा मच्छीमारांसाठीचा कार्यक्रम. कोकणातल्या मच्छीमार सोसायट्यांची काही माणसं दिल्लीला प्रदर्शन बघायला आली होती. त्यातल्या एकाची मुलाखत घ्यायची होती, आणि ती मंडळी संध्याकाळच्या गाडीने परतणार असल्यामुळे थेटच घ्यायची होती. पाहुण्याचं नाव दाजी खोबरेकर. गाव कातळवणे.

कातळवणे माझ्या गावासमोर आहे. मधे फक्त खाडी. आमच्या पोयरीच्या धक्क्यावर उभं राहून लहानपणी मी कातळवण्याच्या कोंबड्यांचं आरवणं ऐकलं आहे. आणि त्या खाडीत माणसं या तीरावरून त्या तीरावर नेणारा एकच तारी होता. तारी म्हणजे होडीवाला. आमचं आडनावही तेच. लवू तारी, माझे आबा.

आठ वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की मी शिकले. आई मी लहान असतानाच गेली, आणि आबांनी वल्हं मारून मारून मला कोल्हापूरच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. मॅट्रिक पास झाले तेव्हा त्यांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला. आमच्या वाडीतला पहिला. त्याच्यासाठी भिंतीला फळी ठोकली, आणि मी एक पांढरा रुमाल घेऊन त्यावर निळ्या दोऱ्याने फुलं भरली, रेडिओवर झाकायला. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्यासमोर बसायचो. मी निवेदकांच्या मागोमाग तसंच बोलून बघायची आणि आबा हसायचे. हवामानाचा अंदाज लागला की तर फारच हसायचे. "दिल्लीत बसान आमचो वारो सांगतत," म्हणायचे. "आमच्या खाडयेत कधी पाय तरी बुडवल्यानी काय?" मग ते ओसरीत जाऊन एकदा आकाशाकडे बघून यायचे आणि रेडिओला खोटं पाडायचे. बहुतेक वेळा त्यांचंच खरं व्हायचं.

पुढे त्यांनी देवगडच्या एका तांडेलाला, मच्छीमार होडीच्या म्होरक्याला, शब्द दिला, की माझी मुलगी तुमच्या मुलाला. त्याच महिन्यात दिल्लीच्या नोकरीचं बोलावणं आलं. मी दिल्लीला जाणार म्हटलं. आबा शब्दाचे पक्के होते, दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती, आणि माझ्यामुळे तो मोडला. मी ट्रंक उचलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जातंस तर जा. पण परत तुझो आवाज ह्या घरात नको."

मी पहिली दोन वर्षं पत्रं लिहिली. आबांना वाचता येत नव्हतं, आणि कुणाकडून वाचून घेण्याइतका कमीपणा ते घेणार नव्हते, हे मला ठाऊक असूनही लिहिली. उत्तर आलं नाही. पुढे आमची आते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली, तेव्हा मी दिल्लीहून तिला भेटायला गेले. डोळ्यावर पट्टी होती, तिने हाताने चाचपून माझा चेहरा पाहिला.

"आबा कसे आहेत?" मी विचारलं.

"जसो होतो तसो. दगड."

"आते, ते रेडिओ ऐकतात का गं? गुरुवारी?"

तिने माझ्या चेहऱ्यावरून हात काढून घेतला. मग म्हणाली, "बाय, रेडियो घरात नाय. तू गेलंस त्याच म्हयन्यात भाईन, तुझ्या आबान, फळयेवरसून काढल्यान. काय केल्यान, कोणाक दिल्यान, माका म्हायत नाय. फळी मोकळी आसा."

तेव्हापासून मला कळलेलं होतं. तरीही दर गुरुवारी दुपारच्या बातम्यांनंतर हवामानाचा अंदाज आला, की 'कोकण किनारपट्टी' हे शब्द मी सावकाश वाचायची. वारा कुठल्या दिशेचा, समुद्र कसा, सगळं जरा जास्तच सावकाश. मच्छीमारांची सोय म्हणून करते, असं मी कानिटकरांना सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी एकाच माणसासाठी वाचायची, आणि तो माणूस ऐकत नव्हता.

असो. त्या सकाळी मी चिंतन लावलं, बातम्या दिल्या, कापसाचे भाव वाचले. महिलांच्या कार्यक्रमात पुण्याच्या एका बाईंनी लिंबाचं लोणचं खराब का होतं यावर इतकं खोलात जाऊन भाषण केलं की मला लोणच्याचीच दया आली. एरवी मी त्यावर कानिटकरांशी थट्टा केली असती. त्या दिवशी सारखी दाराकडे बघत होते. दाजी खोबरेकर लवकर आले तर कार्यक्रमाआधी त्यांना बाजूला घेऊन विचारता येईल, एवढाच माझा हिशेब होता. आबा हिंडतात फिरतात ना, जेवतात ना, माझं नाव काढतात का. लाल दिवा लागल्यावर यातलं काहीच विचारता येणार नव्हतं.

दाजी आले ते मी दुपारचं हवामान वाचत असताना. शिपायाने त्यांना दार हळूच उघडून आत घेतलं आणि माझ्यासमोर बसवलं. पन्नाशीचा, रापलेला, डोक्याला पांढरी टोपी, अंगात कुणाचा तरी मागून आणलेला गरम कोट. त्यांनी मायक्रोफोनकडे असं पाहिलं, जसं बैल नव्या गोठ्याकडे बघतो. मी 'कोकण किनारपट्टी' नेहमीसारखं सावकाश वाचलं, कागद बाजूला केला आणि म्हणाले, "श्रोतेहो, 'सागरकिनारा'मध्ये आज आपले पाहुणे आहेत श्री. दाजी खोबरेकर. दाजी, आपल्या भागातल्या मच्छीमार बांधवांच्या समस्यांविषयी काही सांगाल का?"

दाजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

मी प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. दाजींच्या कपाळावर घाम आला. काचेपलीकडे कानिटकर खुर्चीतून उठले. शांतता हवेत जात होती, देशभर. मला दुसरं काही सुचलं नाही.

"दाजी," मी म्हणाले, "बांगडो मेळता काय औंदा?"

दाजींचा चेहरा उजळला. "मेळता तर. मेळता मस्त. पण मेळान उपेग काय, बाई? आमचो गाव खाडयेच्या ह्या बाजूक, नि मुंबयचो ट्रक थांबता त्या बाजूक. बर्फ नाय. होडी वेळेर गेली तर मासो ताजो, नायतर मांजराक."

कानिटकर हळूहळू खाली बसले. बोली चालणार नव्हती, पण शांततेपेक्षा ती बरी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"होडी वेळेवर सुटत नाही?" मी पुन्हा पुस्तकी भाषेवर आले.

"सुटता. रोज सुटता. तारी एकदम घड्याळासारखो. फकत गुरवारची दुपारची फेरी तो करणा नाय. कितीय हाता-पाया पडा, करूचो नाय. दर गुरवारी आमचो ट्रक चुकता."

"गुरुवारीच का?"

"दत्ताचा व्रत आसा त्येचा."

मला वाटलं, आबा गेले. खाडीवर दुसरा कुणीतरी तारी आला. कारण माझे आबा व्रत करणारे नव्हते. एकादशीच्या दिवशीही त्यांना ताटात मासळी लागायची. आईने सोळा सोमवार धरले तेव्हा म्हणाले होते, "तू रव उपाशी, मी तुझ्या वाटणीचा जेवतंय." देवळात ते जायचे ते फक्त देवळाचं कौल बदलायला.

"तुमच्या ताऱ्याचं नाव काय?" माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"लवू. लवू तारी. म्हातारो झालोहा आता."

"आणि कसलं व्रत करतात ते?"

दाजी आता मायक्रोफोन विसरले होते. समोर गाववाला भेटल्यासारखे पुढे सरकले. "आता काय सांगू. गुरवारी बारा वाजले काय होडी खुंटाक बांधता. पिशयेतसून रेडियो काढता नि कानाक लावन बसता. आवाज इतको बारीक, काय बाजूच्याक पण काय कळणा नाय. आमी म्हणतो, पोथी लागत असतली दत्ताची. त्या टायमाक कोणी बोललेला त्येका खपणा नाय. एकदा एका झिलान शिटी मारल्यान, तर वल्हा घेवन त्येच्या पाठी लागलो. मगे कधीतरी रेडियो बंद करता, फडक्यात गुंडाळता, पिशयेत घालता, नि होडी सोडता. तवसर ट्रक गेललो."

"फडक्यात?" मी विचारलं.

"होय. जुना फडका आसा. निळी फुला हत त्येच्यार."

समोर लाल दिवा, काचेपलीकडे कानिटकर दोन्ही हात हलवत होते, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा मी हवेत शांतता सोडली. ती किती होती मला माहीत नाही. फार लांब होती.

मग मी विचारलं, आणि या वेळी बोली मुद्दाम आली नाही, आपसूक आली. "तेंच्या घरात कोण नाय?"

"बायल कवाच मेली. एक चेडू होती, ती शिकान लांब गेली म्हणतत. तो तिचा नाव काढणा नाय. रेडियो पण घरात नेणा नाय. होडयेतच कुलपात ठेवता. कित्याक, तां इचारूची सोय नाय."

"दाजी, गावाक गेल्यार त्या ताऱ्याक माझो एक निरोप सांगशात?"

"सांगतंय की. पण निरोप कित्याक, बाई? आज गुरवार. तो आताच ऐकत असतलो."

मी दाजींकडे पाहिलं. मग मायक्रोफोनकडे पाहिलं. आठ वर्षं मी त्या लोखंडाच्या गोळ्याशी बोलत आले होते, आणि त्याच्या पलीकडे कुणी आहे असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

"तर मगे तेंका सांगतंय," मी म्हणाले. "आठ वर्सां झाली. व्रत पुरा झाला. आता उद्यापन करूक होया. पुढच्या गुरवारी करा. उद्यापनाक घरची चेडू लागता. ती येतली."

दाजींचं तोंड पुन्हा उघडं राहिलं. "पण बाई, तुमका कसा..."

"श्रोतेहो," मी म्हणाले, "हे होते श्री. दाजी खोबरेकर. आता ऐकूया, थंडीच्या दिवसांत डोळ्यांची निगा कशी राखावी याविषयी माहिती." आणि फीत सुरू केली.

बाहेरच्या व्हरांड्यात दाजींनी टोपी काढून हातात घेतली होती. "बाई, तुमी खंयच्या?"

"पोयरीची."

ते भिंतीला टेकले. मग माझ्याकडे निरखून बघू लागले. बहुतेक माझ्या चेहऱ्यात आबांचं नाक-कपाळ शोधत असावेत. "लवूची मथू," ते शेवटी म्हणाले. "नि आमी म्हणतो, दत्ताची पोथी." त्यांना हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. मग म्हणाले, "डोळ्यान कमी दिसता त्येका आता. हात थरथरतत. होडी दुसऱ्याक दी म्हटला तर ऐकणा नाय. होडी दिली तर धक्क्यार बसूक निमित्त कसला, म्हणान असतला. आता कळता माका."

"ते मला भेटतील?"

दाजी पटकन 'होय' म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते खोटं बोलणारे नव्हते. "ऐकणा येगळा, बाई, नि तोंडासमोर येणा येगळा," ते म्हणाले. शिपाई त्यांना न्यायला आला.

कानिटकर माझी वाटच बघत होते. "मिस तारी, राष्ट्रीय केंद्रावरून तुम्ही खासगी निरोप दिलात. बोलीत. आणि त्याआधी काय झालं ते मी बोलतही नाही. मेमो मिळेल."

"हो, सर."

"पुढच्या गुरुवारी तुमची ड्यूटी मी काढून घेतली आहे. ही शिक्षा समजा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्या खाडीला जायला किती दिवस लागतात, मला कल्पना नाही. शनिवारपासून गैरहजर राहिलात तरी हरकत घेणार नाही. आता आत चला. डोळे संपत आलेत."

दिवस अजून अर्धा उरला होता. मी मुलांना गोष्ट सांगितली, कोल्ह्याचा आवाज काढला, ससा झाले. श्रुतिका लावली. त्यात एक म्हातारा उगाचच मरत होता, त्याचं मरण संपेपर्यंत मी काचेवर डोकं टेकून उभी होते. संध्याकाळी एका प्राध्यापकांनी गुरू ग्रहाच्या चंद्रांविषयी सांगितलं. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर मी बोलत होते, आणि प्रत्येक वाक्यागणिक वाटत होतं, ऐकताहेत का. दुपारनंतर त्यांनी रेडिओ बंद केला असेल का, रागावून पाण्यात टाकला असेल का, की आज पहिल्यांदाच तसाच चालू ठेवून ते वल्हं मारत असतील. रेडिओची ही एक खोडच आहे. त्यात बोलता येतं, पण पलीकडचं काही ऐकू येत नाही. आठ वर्षं आबांनी माझं सगळं ऐकलं, मला सर्दी झालेली, मी हसलेली, मी अडखळलेली, आणि मला त्यांचा खोकलासुद्धा ऐकू आला नाही. त्या संध्याकाळी मला त्यांची इतकी आठवण आली की 'नमस्कार' म्हणताना शब्द अर्धाच बाहेर पडला.

ते केंद्र आता नाही. कानिटकर नाहीत, दाजी नाहीत. तरी गुरुवारी दुपार झाली की अजूनही माझा आवाज आपोआप सावकाश होतो. घरातले हसतात.

त्या आठवड्यात गाडीचं तिकीट मिळालं ते मंगळवारचं. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून एसटी, आणि मग लाल मातीच्या रस्त्याने चालत. पोयरीला रस्ता होता, पण आबांच्या होडीतूनच घरी जायचं म्हणून कातळवण्याच्या बाजूने मी धक्क्यावर पोचले ती पुढच्या गुरुवारची दुपार होती, आणि मला उशीर झाला होता. बस वाटेत बंद पडली होती. आबा होडी सोडून गेले असतील, किंवा पलीकडे पोयरीच्या बाजूला कानाला रेडिओ लावून बसले असतील, आणि रेडिओत दुसऱ्याच बाईचा आवाज येत असेल. मी चालताना मनात वाक्यं जुळवत होते. एकही नीट जुळलं नाही.

होडी धक्क्यालाच होती. त्यात माणसं बसलेली, मासळीच्या पाट्या, एक करडू. सगळी कुरकुरत होती.

"तारयानु, सोडा आता. ट्रक गेलो असतलो."

"आज तर रेडियो पण लावक नाय, तरी सोडणा नाय. काय म्हणूचा ह्येका."

नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, आबा बसले होते. पाठ माझ्याकडे. केस पूर्ण पांढरे झालेले. मांडीवर पिशवी, पिशवीत चौकोनी काहीतरी, आणि तिच्या तोंडातून निळ्या फुलांचा कोपरा बाहेर आलेला. रेडिओ बंद होता. ते कुणाचंही ऐकत नव्हते आणि हलतही नव्हते.

मी होडीत पाय टाकला. होडी किंचित कलली. आबांनी मागे पाहिलं नाही. वजनावरून माणूस ओळखायची त्यांना सवय होती. त्यांनी दोर सोडला, वल्हं उचललं आणि धक्क्याला रेटा दिला.

होडी खाडीच्या मध्यापर्यंत आली. वल्हं पाण्यात जात होतं, येत होतं. त्यांचे हात थरथरत होते, दाजींनी सांगितलं तसेच. ते हात मी आठ वर्षांत पाहिले नव्हते आणि ते माझ्याशिवाय म्हातारे झाले होते.

"बोलणस नाय ती," आबा पाण्याकडे बघत म्हणाले.

"तुमीच सांगितलं होतं. आवाज नको म्हणान."

"घरात नको म्हटललंय." वल्हं एकदा फिरलं. "होडी म्हंजे घर न्हय."

मी हसले आणि रडलेही, सगळ्या होडीसमोर. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अगो, हो आवाज खंयतरी आयकललो वाटता." आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पाटीतली मासळी मोजायला लागली.

पोयरीला उतरल्यावर आबा पुढे, मी मागे. अंगण आलं, उंबरा आला. आबा आत गेले. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. होडीत ते जे म्हणाले ते ठीक होतं, पण हे घर होतं, आणि आबांनी दिलेला शब्द माझ्यामुळे एकदा मोडला होता. दुसऱ्यांदा मला मोडायचा नव्हता. त्यांनी वळून पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून उभी. त्यांना कळलं.

समोर भिंतीवर फळी होती. मोकळी, पण धूळ नव्हती तिच्यावर. आबांनी पिशवीतून रेडिओ काढला, फळीवर ठेवला. मागेपुढे सरकवून सरळ केला. मग त्यावर तो रुमाल घातला. निळी फुलं धुऊन धुऊन जवळजवळ पांढरी झाली होती. सगळं झाल्यावर ते दोन पावलं मागे सरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाला उद्यापन. ये आत. बोल आता."

मी आत गेले. आठ वर्षं दर गुरुवारी मी कापसापासून ग्रहांपर्यंत सगळ्या जगाविषयी बोलले होते, आणि आता एक शब्द सुचेना. आबा थांबले होते. शेवटी तोंडपाठ होतं तेच तोंडात आलं.

"कोकण किनारपट्टी," मी सावकाश म्हणाले. "उद्या वारा उत्तरेचा राहील. समुद्र शांत राहील."

आबांनी मान वर केली. त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी ते ओसरीपर्यंत गेले, आकाशाकडे तोंड करून उभे राहिले, आणि परत आले.

"खोटा," ते म्हणाले. "वारो फिरलोहा. दिल्लीत बसान काय कळता तुमका." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन ते जेवण वाढायला आत गेले.